निसटलेला मासा

आमच्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. पावसाळ्यात तर इतका ऐकू येतो, की फळ्याजवळ उभे राहून शिकवणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. मुले त्या खिडकीकडे पाठ करून बसतात आणि आम्ही तिच्याकडे तोंड करून उर्दू आणि इतिहास-भूगोल शिकवतो. गेली दहा-बारा वर्षे हे असेच चालले आहे.

मध्यंतरी एका स्नेह्याने विचारले, "सर, तुमची आवडती पुस्तके कोणती?" आम्ही सहज यादी करायला बसलो. पाच-सहा नावे लिहून झाल्यावर आमचे आम्हालाच नवल वाटले. सगळी पुस्तके पाण्याची, माशांची, पाखरांची आणि रानाची निघाली. वास्तविक आम्ही ना मासेमार, ना शिकारी, ना निसर्गाचे अभ्यासक. आमचे आयुष्य खडू आणि हजेरीपट यांतच गेले. दुसरे नवल असे, की त्यातली बहुतेक पुस्तके आम्ही मराठीत वाचलेली होती. ज्या उर्दूत आमची सगळी तालीम झाली आणि जी शिकवून आमची चूल पेटते, त्या भाषेतले, आमच्या किनाऱ्याबद्दलचे एकही पुस्तक त्या यादीत नव्हते.

ही यादी अशी का झाली, ते सांगावेसे वाटते. त्यात आमच्या अब्बांची गोष्ट आहे आणि आमच्या एका विद्यार्थ्याचीही. विद्यार्थ्याची गोष्ट अजून पुरी व्हायची आहे.

अब्बा मासे धरीत. मोठी बोट वगैरे काही नव्हते. एक लहान होडी, एक पाग आणि दोन-चार गऱ्या, एवढाच संसार. पाग म्हणजे फेकायचे गोल जाळे, कडेला शिसे लावलेले. फेकणाऱ्याचा हात बसलेला असेल तर ते हवेत परातीसारखे उघडते आणि नसेल तर ओल्या चादरीसारखे गोळा होऊन पडते. अब्बांचे नेहमी परातीसारखेच उघडत असे. हंगामात ते रापणीवरही जात. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडलेले लांबलचक जाळे. त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोर धरून ओढायची असतात. त्याला पुष्कळ माणसे लागतात. दोर धरणारा गाबीत आहे, ख्रिस्ती आहे की मुसलमान, हे तिथे कोणी विचारीत नाही. जाळे वर आले की वाटे पडतात, आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो.

आम्हाला मात्र अब्बांनी कधी होडीत बसू दिले नाही. एकदा गुपचूप पाग खांद्यावर घेऊन पाहिला, तर त्यांनी तो काढून घेतला आणि म्हणाले, "बेटा, या खांद्यावर दप्तरच शोभतं." त्या दिवशी आम्हाला राग आला. पुढे त्यामागची माया कळली. आणि त्या मायेची किंमतही बऱ्याच उशिरा कळली, ती पुढे सांगतो.

जुम्याच्या दिवशी अब्बा पाण्यावर जात नसत. सकाळी सूरह कहफ पढायचे आणि मग अंगणात जाळे तुणीत बसायचे. मासेमारीची आम्ही ऐकलेली पहिली गोष्ट ही त्या सूरहमधलीच. हजरत मूसा अलैहिस्सलाम आपल्या तरुण सोबत्याबरोबर प्रवासाला निघतात. दोन समुद्र जिथे मिळतात तिथवर त्यांना जायचे असते. शिदोरीला एक मासा बरोबर असतो. एका खडकापाशी ते विसावतात आणि तिथे मासा पाण्यात निसटून जातो. पुढे गेल्यावर भूक लागते, मासा मागितला जातो, तेव्हा सोबत्याला आठवते की आपण ते सांगायलाच विसरलो. आता कुणाही मालकाने नोकरावर रागवावे असाच हा प्रसंग. पण हजरत मूसा रागावत नाहीत. आपल्याला हवी होती ती जागा हीच, असे म्हणून ते आल्या पावली परत फिरतात. तिथे त्यांना तो ज्ञानी बंदा भेटतो, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो. त्यांच्याकडून शिकण्यासाठीच तर हा सगळा प्रवास होता.

लहानपणी आमचा जीव त्या माशात अडकलेला. एवढा हातातला मासा गेला! अब्बा हसले आणि दारातल्या मालवणीत म्हणाले, "मासो निसाटलो, म्हणान उस्ताद गावलो."

दुसरी गोष्ट अलिफ लैलाची. मामूंनी मुंबईहून मुलांसाठी छापलेली उर्दू प्रत आणली होती. तिच्यातला गरीब म्हातारा कोळी दिवसातून चारदाच जाळे टाकतो. पहिल्या खेपेला मेलेले गाढव येते, दुसऱ्या खेपेला चिखलाने भरलेला रांजण, तिसऱ्या खेपेला खापऱ्या आणि काचा. चौथ्या खेपेला हजरत सुलेमान यांच्या मोहरेने बंद केलेले पितळी भांडे येते आणि त्यातून जिन्न निघतो. इतर मुले जिन्नावर खूश असत. आम्हाला मात्र प्रश्न पडे, की घरात खायला नाही, पोरे उपाशी आहेत, तर हा माणूस पाचव्यांदा जाळे का टाकत नाही? अब्बांना विचारले. त्यांनी तुणता तुणता एवढेच सांगितले, की ज्याला थांबायचे कळत नाही तो मासेमार नव्हे.

या वाक्याचा अर्थ आता किनाऱ्यावर रोज दिसतो. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना बंदी असते. कारण दर्या तेव्हा खवळलेला असतो आणि कित्येक जातींच्या माशांची वीण त्याच सुमारास होते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने 2016 साली निर्बंध आणले. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याला 2017 साली केंद्र सरकारने मनाई केली. तरीही रात्री क्षितिजावर उजेड दिसला, की रापणवाल्यांच्या पोटात गोळा येतो. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीचा उल्लेख आहे. शनिवारी मासे धरायचे नाहीत असा त्यांना हुकूम होता आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर येत. त्यांनी हुकमाची मर्यादा ओलांडली. तफसीर सांगणारे सांगतात, की त्यांनी शनिवारी मासे अडकवून ठेवायची आणि रविवारी काढायची युक्ती केली. कायदा अक्षराने पाळायचा आणि अर्थाने मोडायचा, ही माणसाची जुनी खोड आहे. मासेमारीचे एवढे नेमके समाजशास्त्र आम्हाला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात आढळले नाही.

बी.एड.साठी आम्ही मुंबईला गेलो, तेव्हा पुस्तकांची दोन ठिकाणे आम्हाला सापडली. एक जे.जे. हॉस्पिटलजवळच्या प्रिन्सेस बिल्डिंगमधले मकतबा जामियाचे दुकान आणि दुसरे फोर्टातले जुन्या पुस्तकांचे फुटपाथ. त्या फुटपाथवर आम्हाला 'एका कोळियाने' मिळाले. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या 1952 सालच्या लहानशा कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी 1965 मध्ये केलेला हा अनुवाद. कोळ्याची गोष्ट आहे म्हणून घेतले. वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मित्राला दाखवले, तर तो हसू लागला. त्याने सांगितले, की मराठी शाळेत जाळे बांधणाऱ्या कोळ्याची एक कविता असते आणि नाव तिच्यातून आले आहे. तिथला कोळी म्हणजे आपला अंगणातला, आठ पायांचा. आमच्या उर्दू वाचनात 'मकडा' भेटला होता तो इक्बालच्या कवितेत, माशीला गोड बोलून घरात बोलावणारा. एकाच नावातली ही गंमत मराठी वाचकाला जन्मतः मिळते. आम्हाला ती वयाच्या बाविसाव्या वर्षी उधार घ्यावी लागली. असो.

आमचे मराठी तेव्हा बाजारापुरते होते. पुस्तक वाचायला पंधरा दिवस लागले. म्हातारा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परत येतो. त्याच्याबरोबर जाणाऱ्या मुलाला घरचे लोक दुसऱ्या, नशीबवान होडीवर पाठवतात. पंच्याऐंशीव्या दिवशी म्हातारा एकटा दूर जातो. त्याच्या गळाला होडीहून लांब मासा लागतो. दोन दिवस, दोन रात्री तो मासा त्याला ओढत नेतो. शेवटी म्हातारा जिंकतो आणि होडीला बांधून मासा घरी आणू लागतो, तर वाटेत मोऱ्यांच्या झुंडी येऊन तो खाऊन टाकतात. किनाऱ्याला लागतो तो नुसता सांगाडा.

त्या वर्षी सुट्टीत घरी आल्यावर आम्ही ते पुस्तक अब्बांना ऐकवले. आमच्या घरगुती उर्दूत, जमेल तसे. अब्बांनी ऐकता ऐकता लेखकाची चांगलीच झडती घेतली. एवढा मासा एकट्याने धरायला कोण जातो? बरोबर कोणी का नेले नाही? दोर हाताला कापीत असताना पाठीवरून का घेतला? आणि आम्ही पुढचे पान वाचले, की म्हातारा तेच करताना निघे. तेव्हा अब्बा मान डोलवून म्हणत, "हां. लिहिणाऱ्याने पाणी पाहिलंय." हेमिंग्वेना 1954 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण आमच्या लेखी अब्बांचे हे प्रमाणपत्र त्याहून कमी नाही.

पुस्तक संपले. सांगाडा किनाऱ्याला लागला. आम्हाला वाटले, अब्बा माशाबद्दल काही बोलतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "आणि तो पोरगा? त्याला घरच्यांनी परत जाऊ दिलं का?"

आम्ही सांगितले, की तो मुलगा म्हणतो, आता मी तुमच्याबरोबरच येणार, अजून मला पुष्कळ शिकायचे आहे. अब्बांनी यावर काहीच म्हटले नाही. उठून पाग वाळत घातला. तो खरे तर वाळलेलाच होता.

2019 साली अब्बा गेले. पाग फेकायचा कसा, हे त्यांनी आम्हाला शिकवले नाही आणि आम्हीही पुन्हा मागितले नाही. एका घरात तीन पिढ्या टिकलेली विद्या आमच्यापाशी येऊन थांबली. अब्बांचा निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या त्या निर्णयाच्या पगारावर आमची मुले शिकत आहेत. पण हिशेबात ही बाजूही लिहिली पाहिजे.

यादीतली पुढची नावे त्यानंतरच्या वर्षांतली. मालवणच्या नगर वाचन मंदिरात 'रापण' हे नाव दिसले म्हणून आम्ही आनंदाने पुस्तक उचलले. घरी येऊन पाहतो तो ते चित्रकार प्र. अ. धोंड यांचे आत्मकथन! मासे नाहीत म्हणून थोडे वाईट वाटले. पण आठवणींचे जाळे ओढायलाही रापणीसारखेच पुष्कळ हात लागतात, हे ते वाचून पटले. मग मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' वाचले. आयुष्य वनखात्यात गेलेला हा माणूस 2006 साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. जून 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत आम्हाला सर्वांत आवडले ते हे, की ते ज्यांच्याकडून शिकले, त्यांतले कित्येक शाळेत गेलेले नाहीत. गोंड, धीवर, पारधी यांच्यापाशी ते विद्यार्थ्यासारखे बसतात. पाखराचे, झाडाचे, माशाचे नाव त्यांच्या बोलीत विचारतात आणि तेच आदराने मराठीत लिहून ठेवतात.

आणि सलीम अली. त्यांच्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रातला चिमणीचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणत्या जातीची, खायला चालेल की नाही, अशी शंका आली. ती घेऊन ते मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. हे साल 1908. मिलार्डनी पोराला हाकलले नाही. पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटे उघडून दाखवली. पुढे या मुलाचे कॉलेजशी फारसे जमले नाही, तरी 1941 साली त्याने भारतीय पक्ष्यांवर लिहिलेले पुस्तक आजही हातोहात खपते. म्हणजे इथेही तेच. मुलगा एक अडलेली शंका घेऊन आला आणि समोरच्या माणसाने कपाट उघडले.

हे सगळे आम्ही वाचले, वर्गात सांगितले, टाळ्याही घेतल्या. पण आमचे स्वतःचे कपाट उघडले ते फार उशिरा. आता त्या विद्यार्थ्याकडे येतो.

त्याचे नाव लिहीत नाही. नववीत होता, शेवटच्या बाकावर बसायचा. उर्दू वाचताना बोट ठेवून वाचे. घटक चाचणीत भूगोलाचा एक प्रश्न होता, भरती-ओहोटीची कारणे लिहा. त्याने प्रश्न क्रमांक नीट घातला, खाली रेघ मारली आणि जागा कोरी सोडली. आम्ही लाल शाईने शून्य दिले. बंदी उठून बोटी बाहेर पडल्या, तसा तो शाळेत दिसेनासा झाला. एक आठवडा, दोन आठवडे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागली. आम्ही घरी गेलो. त्याची अम्मी पदराने खुर्ची पुसत म्हणाली, "सर, बसा. तो खाडीवर गेलाय. घरात कमावणारं दुसरं कोण आहे?"

आम्ही खाडीवर गेलो. जुहरची नमाज होऊन गेली होती. नदी आणि समुद्र मिळतात त्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात तो उभा होता, खांद्यावर पाग. आम्हाला पाहून घाबरला. आम्हीही काय बोलावे ते विसरलो. शाळेत का येत नाहीस हे विचारायचे, तर तोंडातून निघाले, "काही मिळालं का रे?"

"नाही सर. पाणी अजून चढायचंय. असरच्या थोडं आधी भरेल."

"तुला कसं ठाऊक?"

"आज चाँदाची अठरा ना, सर."

मग त्याने बोटांची पेरे मोजून आम्हाला समजावले. चाँदाची तारीख कळली, की पाण्याची वेळ कळते. रोज पाणी पाऊण तास पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला उधाण, मध्ये भांग. उधाणाला पाणी आत दूरवर शिरते, भांगाला आळसावते. कोणत्या पाण्याला शेवटे आत येतात, चोणक कुठल्या खडकाआड थांबतो, बगळे कुठे उतरले म्हणजे जाळे कुठे टाकायचे, हे सगळे तो सांगत होता आणि त्याच्या बोलण्यात एकदाही अडखळ नव्हती. शेजारचे गाबीत काका हेच गणित तिथीवरून करतात, एकादशी-चतुर्थी मोजून. हा हिजरी तारखेवरून करतो. दोघांचे उत्तर एकच येते, कारण चंद्र एकच आहे. आमच्या पुस्तकातला आकडाही जवळपास तोच आहे. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते.

असरच्या आधी पाणी भरले.

आम्ही तिथे वाळूवर बसलो आणि आम्हाला ती कोरी जागा आठवली. प्रश्न कारणांचा होता, हे खरे. सूर्य-चंद्राचे आकर्षण त्याला लिहिता आले नाही, हेही खरे. पण आम्ही फळ्यावर चंद्राची आकृती काढली त्या तासाला, "पाणी आज कधी भरेल?" असे जर एकदा विचारले असते, तर सगळ्या वर्गात तोच एक उभा राहिला असता. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे बी.एड.मध्ये आम्ही पाठ केले होते. प्रत्येक पाठ टाचणात लिहिले होते. त्या मुलाला काय ज्ञात आहे, हे मात्र कधी विचारले नव्हते. अब्बांच्या मुलाने तरी हे विचारायला हवे होते.

तेव्हा आम्हाला ती जुन्या जुम्याची गोष्ट नव्याने कळली. आम्ही आयुष्यभर समजत होतो, की मासा निसटणे हा गोष्टीतला अपघात आहे. पण खूण तीच होती. ज्या ठिकाणी आपल्या हातून काही निसटते, तिथेच परत जायचे असते. आमच्या हजेरीपटातून एक मुलगा निसटला आणि त्याच्या मागे आम्ही दोन पाण्यांच्या तोंडाशी आलो, तर तिथे शिकवणारा तोच निघाला.

दुसऱ्या दिवसापासून काही चमत्कार झाला, असे नाही. त्याचे घर त्याच्या पागावर चालते, ते आमच्या भाषणाने चालणार नव्हते. आम्ही एवढेच ठरवले, की शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर तास-दीड तास वर्गात बसायचे, ज्याला यायचे त्याने यावे. तो आला. त्याच्यासारखी आणखी चार-पाच जण आली, दोन मुलीही. आम्ही त्यांना 'एका कोळियाने' उर्दूत सांगू लागलो, अब्बांना सांगितले होते तसे. आणि त्यांनी आम्हाला मासे सांगायचे, असा करार झाला.

त्यासाठी एक लांब वही केली. तीन रकाने: मालवणी नाव, मराठी नाव, उर्दू नाव. पहिला रकाना भराभर भरला. बांगडा, तारली, पेडवा, इसवण, सरंगा, लेप, कर्ली, शेंगटी, मोरी, तांबोशी, गोबरा. दुसरा रकाना अर्धामुर्धा भरला. इसवणीपुढे सुरमई आली, सरंग्यापुढे हलवा. तिसरा रकाना रिकामाच राहिला. शब्दकोश काढला, मित्रांना विचारले. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, 'एक क़िस्म की मछली.' एका प्रकारचा मासा! आमच्या पोरांना तीस प्रकार येतात आणि आमच्या भाषेला एकच.

शेवटी मुलांनीच तोड काढली. मालवणी नावेच उर्दू लिपीत लिहायची. नाव आपले, अक्षर आपले, मग रकाना रिकामा का ठेवायचा? पण सौंदाळा आला आणि गाडी अडली. उर्दूत 'ळ' नाही. सौंदाला लिहिले तर घरी कोणाला कळणार नाही. बळा तर बला झाला, म्हणजे संकटच! सगळे हसले. तेव्हा शेवटच्या बाकावरचा तो उठला, फळ्यापाशी आला आणि त्याने 'लाम' लिहून त्याच्या डोक्यावर छोटीशी 'तोय' काढली. आपण 'टे', 'डाल' आणि 'ड़े' यांच्यावर काढतो तशी. "सर, ट आणि ड असे होतात, मग ळ पण होईल ना?"

बोट ठेवून वाचणारा तो मुलगा! आम्ही खडू हातात धरून नुसते बघत राहिलो. पुढे चौकशी करता कळले, की पाकिस्तानात पंजाबी लिहिणारे लोक याच आवाजासाठी हेच चिन्ह वापरतात आणि 2020 साली त्याला संगणकाच्या युनिकोडमध्येही जागा मिळाली आहे. आमच्या मुलाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला सौंदाळा ठाऊक होता आणि त्याचे नाव बिघडू द्यायचे नव्हते, एवढेच.

आता ती वही जाड झाली आहे. माशांबरोबर जाळी आली, वारे आले, पाण्याच्या वेळा आल्या, पाखरे आली. गाबीत काका एका शनिवारी येऊन बसले आणि रापणीच्या दोरांची नावे सांगून गेले. आमच्या आवडत्या पुस्तकांच्या यादीत उर्दूतले, आमच्या किनाऱ्याचे असे एकही पुस्तक नाही, असे आम्ही सुरुवातीला म्हटले. ही वही पुस्तक होईल की नाही, सांगता येत नाही. छापणारा कुठे आहे? पण यादीत सर्वांत खाली आम्ही तिचे नाव लिहून ठेवले आहे.

तो मुलगा रोजच्या शाळेत परतला नाही. हे लिहिताना आनंद होत नाही, पण खोटे लिहून काय मिळवायचे? दहावीला बाहेरून बसण्यासाठी 17 नंबरचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला आहे. भूगोलाची तयारी तो होडीवर करतो म्हणे. पास होईल का, हे अल्लाहला ठाऊक. आम्हाला काळजी उर्दूच्या पेपरची आहे, भरती-ओहोटीची नाही.

गेल्या शनिवारी वर्ग संपल्यावर तो थांबला. म्हणाला, "सर, त्या म्हाताऱ्याने मासा गमावला, पण दोर सोडला नाही ना?"

आम्ही म्हटले, "नाही सोडला."

"मग उद्या फजरनंतर खाडीवर या. पाग कसा फेकायचा ते दाखवतो. तुमचं वय झालंय सर, पण जमेल."

अब्बांचा पाग अजून माळ्यावर आहे. रात्री शिडी लावून तो खाली काढला. दोन-तीन ठिकाणी फाटला होता. तुणता आम्हाला येत नाही. तो तसाच खांद्यावर टाकून सकाळी निघालो.